काठीला हात लावायचा नाही

४ नोव्हेंबर

ताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते मी विसरलो. नमस्कार केला आहे असं समज आणि पुढे वाच. फोनवर तू ओरडतेस आणि मी ठेवून देतो. पत्राचं बरं असतं, तुझं ओरडणं माझ्यापर्यंत पोचायला आठ दिवस लागतात.

नोकरी टिकली आहे. हे आधी लिहितो, कारण तू पाकीट फोडून पहिलं तेच शोधणार. बेकरी दीड महिना, गोदाम तीन आठवडे, त्या लिफ्टवाल्याकडे तर नऊच दिवस, आणि इथे आज तीन महिने पुरे झाले. भावोजींनी पैज लावली असेल तर हरलात म्हणून सांग.

काम काय करतोस म्हणून विचारलं होतंस. तर आमची लाँच मासे धरत नाही, मासे धरायची हौस असलेली माणसं नेते. सकाळी सहा जण येतात, नव्या टोप्या, काळे चष्मे. जमीन दिसेनाशी झाली की त्यातल्या निम्म्यांना बोट लागते आणि मी बादली घेऊन फिरतो. मागच्या डेकवर एक खुर्ची आहे, न्हाव्याच्या खुर्चीसारखी, पण बोल्टने जखडलेली. मासा लागला की गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, कमरेला पट्टा आणि हातात गळाची काठी. आपल्या तळ्यावरची बांबूची काठी डोळ्यांसमोर आणू नकोस. हिला डब्याएवढं रीळ असतं आणि रिळाला ब्रेक. ब्रेक जास्त आवळला तर दोरा तुटतो, सैल सोडला तर मासा सगळा दोरा घेऊन फिरायला जातो. एवढंच शास्त्र आहे, पण मोठमोठ्या माणसांना ते येत नाही.

डेकवर आम्ही दोन खलाशी, मी आणि लंबू. कप्तान वर सुकाणूवर. कप्तान दिवसाला वीसेक शब्द बोलत असेल, पण त्याचा एक नियम आहे. मासा ज्याला लागला, काठी त्याची. मासा लाँचच्या कडेला येईपर्यंत दुसऱ्या कुणी काठीला हात लावायचा नाही, करंगळीसुद्धा नाही. धक्क्यावर परत आलो की तो खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहतो आणि डेकवरच्या एकेकाला विचारतो, "कुणाचा हात?" सगळ्यांनी नाही म्हटलं तरच नाव आणि वजन फळ्यावर चढतं. हात लागला असेल तर मासा नुसता मासा, कापा आणि खा. माझ्या आधीचा खलाशी एकदा इथे खोटं बोलला, त्याच दिवशी त्याच्या हातात त्याची पिशवी दिली.

परवा एक दाताचे डॉक्टर चाळीस मिनिटं ओढत होते. शेवटी रडकुंडीला येऊन मला म्हणाले, "अरे बघतोस काय, जरा धर ना!" मी हात मागे बांधून उभा. मासा गेला. डॉक्टर म्हणाले, माणूस आहेस का दगड? लंबू म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही दात उपटताना पेशंटला म्हणता का, जरा धर?"

त्याच दिवशी एक रीळ अडकलं, ते मी उघडून, साफ करून परत जोडलं. लंबू बघतच राहिला. म्हटलं, आमच्या बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, आठव्या वर्षी गजराचं घड्याळ एकट्याने जोडलंय मी. त्याला पटत नाही.

बाबांचे हात कसे आहेत? हे पत्र त्यांना वाचून दाखव, बादलीचं सोडून.

तुझा,
भिंगरी

---

१५ नोव्हेंबर

भिंगरी,

बादलीचं आधी वाचून दाखवलं. तेवढ्यावरच हसले.

जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या खिडकीमागे बसून लिहिते आहे, औषधं घ्यायला कुणी आलं तर अक्षर बिघडेल. हात बरे नाहीत. तू गेलास तेव्हा उजवाच थरथरायचा, आता दोन्ही. तुला फोनवर सांगितलं नाही, गेल्या महिन्यात दुकान बंद केलं. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू पडला, तासभर फरशीवर ओणवे होऊन शोधत होते. सापडला. घड्याळ नीट करून दिलं, आणि स्वतः शटर ओढलं. घरी येऊन म्हणाले, झालं.

आता घरात आम्ही सगळे त्यांना हात लावायला टपलेलो असतो. मी कप अर्धाच भरते. काल तुझ्या भावोजींनी न विचारता त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. बाबांनी ते काढलं आणि पाऊण तास खपून स्वतः लावलं. चुकीच्या काजात. दिवसभर तसेच फिरले, कुणाची बिशाद नव्हती बोलायची.

तुझ्या पत्रातला तो नियम त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. आज सकाळी म्हणतात, "मला तिथे जायचंय." म्हटलं, कुठे? "जिथे कुणी हात लावत नाही तिथे. एक गोष्ट मला माझ्या हातांनी करायची आहे. शेवटची तर शेवटची."

डॉक्टर म्हणतात वर्षभर असं चालेल, मग कपही धरता येईल की नाही सांगता येत नाही. मला सगळं समजतं रे. पण समुद्र? या वयात? तू नाही म्हणून लिही. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

ताई

---

२४ नोव्हेंबर

बाबांना नमस्कार.

बाबा, ताईने कळवलं. तुम्ही यावं असं मला वाटतं, पण इथे ऊन फार आहे. ऊन नसतं तेव्हा वारा असतो. लाँच फार हलते, चालताना दोन्ही बाजूंना धरून चालावं लागतं. संडास एवढासा आहे. पाणी अंगावर येतं. तुमची औषधं ओली होतील. शिवाय दिवसच्या दिवस मासा लागतच नाही, तुम्ही उगाच बसून राहाल.

उन्हाळ्यात मी सुट्टी घेऊन येतो, मग आपण तळ्यावर जाऊ.

तुमचा,
भिंगरी

---

५ डिसेंबर

भिंगरी,

बाबांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिते:

"तुला विचारलेलं नाही, कळवलंय. बसून राहणं हाच माझा चाळीस वर्षांचा धंदा होता, ते तुला जमलं नाही, मला जमतं. लाँच हलते तर मीही हलतो, आमचं पटेल."

आता माझं ऐक. मी सोळा तारखेच्या बसची तिकिटं काढली आहेत. भावोजी सोबत येतील, पण लाँचवर चढणार नाहीत, त्यांना झोपाळ्यावरसुद्धा लागते. ते धक्क्यावर थांबतील.

मी कशी तयार झाले म्हणशील. तर इथे तालीम सुरू आहे. झाडूच्या दांड्याला दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला भावोजी. बाबा खुर्चीत बसतात, भावोजी मासा होऊन व्हरांड्याच्या त्या टोकाला पळतात, आणि बाबा त्यांना ओढून आणतात. शेजारच्या बाई दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, मासेमारी चाललीय. काल भावोजी लवकर दमले, तर बाबा म्हणाले, "असला मासा मी परत पाण्यात सोडतो."

किती महिन्यांनी ते घरात मोठ्याने बोलले, भिंगरी. म्हणून आता मी नाही म्हणत नाही. पण तू त्यांना सांभाळ. त्यांना पडू देऊ नकोस, लागू देऊ नकोस, खट्टू होऊन परत पाठवू नकोस. हे तुझ्यावर.

ताई

---

२० डिसेंबर

ताई,

बाबा आणि भावोजी सकाळच्या बसने निघाले. हे पत्र पोचेपर्यंत ते घरी येऊन आठवडा झाला असेल.

सगळं छान झालं. बाबांना बोट लागली नाही. मासा मिळाला. ट्यूना, एकतीस किलो, या हंगामातला आतापर्यंतचा तिसरा मोठा. फळ्यावर नाव चढलं. फोटो त्यांच्या पिशवीत आहे.

काम खूप आहे, बाकी नंतर.

भिंगरी

---

२ जानेवारी

भिंगरी,

काय केलंस त्यांना?

बाबा आले त्या दिवसापासून धड बोलत नाहीत. भावोजी सांगतात, धक्क्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, कप्तानाने हात मिळवला, आणि बसमध्ये बसल्यावर बाबांनी अख्खा प्रवास खिडकीबाहेर बघत काढला. मी फोटो मागितला तर म्हणाले, बघशील नंतर. तो कपाटाच्या खणात पालथा ठेवलाय. मी काढून पाहिला. एवढा मोठा मासा, शेजारी बाबा आणि तू, आणि दोघांची तोंडं अशी की जणू तो मासा तुमच्या नात्यातला होता.

झाडूचा दांडा त्यांनी परत झाडूला बसवला. काल मी कप पूर्ण भरून दिला. त्यांनी निमूटपणे अर्धा ओतून टाकला.

तू दुकानाचा विषय काढलास ना? घड्याळांचं काम शिकायचं सोडून पळालास, त्यावरून तुमची जुंपली असणार. एवढा लांबचा प्रवास करून आलेल्या माणसाशी एक दिवस गोड बोलता आलं नाही तुला? "सगळं छान झालं" म्हणे. तू चार ओळींत पत्र संपवतोस तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं हे मला तू पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

खरं लिही.

ताई

---

१२ जानेवारी

ताई,

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

लिहितो, पण बाबांना वाचून दाखवू नकोस. शपथ घाल स्वतःला.

दहाच्या सुमाराला मासा लागला. बाबा खुर्चीत बसले, मी पट्टा बांधला, तेवढं चालतं. त्यांचे हात बघून लंबूने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. आणि ताई, काठीवर वजन आलं आणि त्यांचे हात थांबले. खरंच. मासा ओढत होता तोवर हात गच्च, थरथर नाही की काही नाही. दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचे तेव्हाचा चेहरा. ब्रेक असा सोडत होते, असा आवळत होते, की कप्तान दोनदा वरून वाकून बघून गेला. तो गिऱ्हाइकांकडे कधी बघत नाही.

पाऊण तास गेला. शर्ट पाठीला चिकटला होता. मी विचारलं, पाणी देऊ? म्हणाले, "गप." मासा वर आला, आम्हाला दिसला, निळाकाळा, लंबू लांब दांड्याचा आकडा घेऊन कडेवर वाकला. आणि तेवढ्यात मासा लाँचखाली घुसला. असं करतात ते शेवटी. काठीचं टोक कठड्यापर्यंत खाली गेलं, बाबा खुर्चीतून अर्धे उठले, आणि त्यांचा डावा हात काठीवरून घसरायला लागला. मला तो घसरताना दिसत होता. एकेक बोट.

मी काठीच्या खाली दोन बोटं लावली.

एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. त्यांनी हात परत आवळला, मी बोटं काढली. लंबूचं डोकं बाहेर पाण्याकडे, कप्तानाची पाठ आमच्याकडे. कुणी पाहिलं नाही. पाच मिनिटांनी मासा डेकवर होता.

त्या दाताच्या डॉक्टरांसमोर मी दगडासारखा उभा राहिलो होतो. ते लोक हरले तर मला काही वाटत नाही. बाबांना हरताना बघवलं नाही. तू सांभाळ म्हणाली होतीस, पण मी तुझ्यावर ढकलत नाही. तू सांगितलं नसतंस तरी लावली असती.

धक्क्यावर कप्तानाने विचारलं, कुणाचा हात? लंबू म्हणाला, नाही. मी म्हणालो, नाही. मग त्याने बाबांना विचारलं, "काका, कुणाचा हात?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे. मग म्हणाले, "नाही." आणि त्याने नाव लिहिलं.

त्यांना कळलंय की नाही ते मला कळत नाही. नसेल कळलं तर कळू देऊ नकोस. त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती त्यांच्याजवळ आहे असं त्यांना वाटू दे.

भिंगरी

---

२१ जानेवारी

भिंगरी,

शपथ मोडली. तुझं पत्र वाचताना माझं तोंड त्यांनी पाहिलं आणि हात पुढे केला. त्यांच्या हातात कागद फडफडतो, वाचता येत नाही, म्हणून शेवटी मीच वाचून दाखवलं. "एकेक बोट" तिथे मी थांबले, तर म्हणाले, "पुढे वाच, मी होतो तिथे."

त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. म्हणाले, "चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलल्या मी. काठी दोन बोटांनी हलकी झाली तर मला कळणार नाही?"

म्हटलं, मग कप्तानाला 'नाही' असं का सांगितलंत?

"पोराच्या हातात पिशवी दिली असती त्याने. जन्मात पहिल्यांदा कुठे टिकलाय. मासा काय, मासा मेलेलाच होता."

म्हणजे बघ. तू त्यांच्यासाठी खोटं बोललास, ते तुझ्यासाठी, आणि मी इथे तुझ्यावर आग पाखडत होते.

मी म्हटलं, बाबा, त्याच्यावर रागावलात का? हसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मी कोणत्या तोंडाने रागावू? ते गजराचं घड्याळ त्याने नव्हतं जोडलं. तो शाळेत गेल्यावर मी उघडलं. दोन चाकं उलटी होती आणि एक खाली उरलं होतं. मी नीट बसवलं, आणि संध्याकाळी त्याला म्हटलं, बघ, तुझं घड्याळ चालायला लागलं." मलाही आजवर माहीत नव्हतं.

आता हे इथेच मिटव. कप्तानाला काही सांगायला जाऊ नकोस. तुझी नोकरी आहे, फळ्यावर नाव आहे, कुणाचं काही गेलेलं नाही.

ताई

---

३ फेब्रुवारी

ताई,

म्हणजे ते घड्याळ मी नव्हतं जोडलं?

पत्र वाचलं तेव्हा मी बादली उपडी घालून तिच्यावर बसलो होतो. बराच वेळ उठलोच नाही. चौदा वर्षं मी हे सांगत फिरतोय. बेकरीत सांगितलं, गोदामात सांगितलं. लिफ्टवाल्याने तर त्यावरच मला ठेवलं होतं. (त्या लिफ्टचं पुढे काय झालं ते तुला माहीत आहे.)

बाबांचा राग नाही आला. पण खिशातून काहीतरी पडून गेल्यासारखं वाटलं, कधीचंच पडलेलं, आणि मी आपला वरून खिसा चाचपत फिरतोय. आणि मग मला कळलं की फोटो पालथा का ठेवलाय. तू म्हणतेस कुणाचं काही गेलं नाही. त्यांचं गेलंय, ताई. त्यांना तर लगेच कळलं, मला निदान चौदा वर्षं तरी मिळाली.

तू सांगितलं होतंस जाऊ नकोस म्हणून. गेलो.

कप्तान दोर गुंडाळत होता. म्हटलं, त्या एकतीस किलोवाल्या माशाला माझा हात लागला होता. त्याने दोर खाली ठेवला.

"काकांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तरी नाही म्हणाले."

"मला पिशवी मिळू नये म्हणून."

तो फळ्यापाशी गेला आणि शर्टाच्या बाहीने बाबांचं नाव पुसलं. फडक्याने नाही, बाहीने. मग म्हणाला, "पिशवी भर."

भरली. लंबूने त्याचा चांगला चाकू मला दिला, मी तो त्याला परत दिला, त्याने परत माझ्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन धक्क्यावर उभा राहिलो. कप्तान आला.

"बस किती वाजता?"

"नऊला."

"तोवर लाँचच्या बुडाचं शेवाळ खरवडून टाक."

खरवडायला बसलो. नऊ वाजले. बस जाताना मला दिसली, त्यालाही दिसली. तो काही बोलला नाही, मग मीही नाही. त्याला आता चार दिवस झाले. अजून खरवडतोय. आमची लाँच संपली, आता शेजारच्या चालल्यात. डेकवर पाय ठेवायचा नाही, पाणी मारायचं, बर्फ उचलायचा, धक्क्यावर राहायचं. किती दिवस ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.

काल जाताजाता म्हणाला, "काकांना विचार, येतात का परत. डेकवर तू नसशील."

एवढे शब्द म्हणजे त्याचा निम्मा दिवस झाला.

भिंगरी

---

१३ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या पत्राने मला दोन दिवस राग आला, मग गेला. शेवाळ खरवडताना हातमोजे घाल.

बाबांना सगळं वाचून दाखवलं. नाव पुसलं हे ऐकून म्हणाले, "बाहीने?" म्हटलं, हो, असंच लिहिलंय. "भला माणूस आहे." मग उठले आणि खणातून फोटो काढून आणला. आरशाच्या कडेला खोचला. म्हणाले, मासा छान होता.

नंतर तीन वेळा विचारलं: "धक्क्यावर म्हणजे लाँचवर नाही ना? नक्की ना?" म्हटलं, नक्की. मग म्हणाले, तिकिटं काढ.

तालीम पुन्हा सुरू झाली आहे. भावोजींचा गुडघा दुखतो, त्यांनी मासा व्हायला साफ नकार दिला. त्यामुळे आता मासा मी आहे. हे दवाखान्यात कुणाला कळता कामा नये.

आज एक लिहायलाच हवं. हात पहिल्यापेक्षा जास्त हलतात. मला भीती वाटते की या वेळी नाही जमणार. बाबांना ते माहीत आहे. तरी येताहेत. या वेळी मी तुला सांभाळ म्हणत नाही.

ताई

---

२ मार्च

ताई,

बाबांची बस सुटल्यावर लगेच लिहायला घेतलंय, म्हणजे विसरायला नको.

सकाळी सातला लाँच निघाली. मी बांधलेला दोर सोडला, बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मास्तरांच्या परीक्षेला निघालेल्या पोरासारखे सरळ समोर बघत होते. मग धक्क्यावर उरलो मी आणि भावोजी. भावोजींनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मग उलटीकडून. मी एका फळीवरचं शेवाळ दोनदा काढलं, दुसऱ्या वेळी ते तिथे नव्हतंच. लंबू माझ्या ऐवजी खुर्चीपाशी असणार होता. त्याला मी बजावून ठेवलं होतं, काहीही झालं तरी हात मागे.

चारला लाँच दिसली. बाबा पुढे उभे होते. हात रिकामे.

मी दोर झेलायला कडेला गेलो. भावोजी म्हणाले, "फुकट गेली वाटतं ट्रिप." लाँच धक्क्याला लागली. लंबू बाबांना उतरवायला हात द्यायला गेला, आणि बाबांनी नुसतं बघितल्याबरोबर त्याने हात मागे नेले. बाबा आपले आपण उतरले, वेळ लागला, सगळे थांबले. आणि पाय धक्क्यावर टेकल्या टेकल्या सुरू झाले.

"आवळला मी! ब्रेक आवळला! कुणी सांगितलं होतं आवळायला? कुणीही नाही!"

मी म्हटलं, बाबा, काय झालं?

"काय झालं काय विचारतोस? वीस मिनिटं होता माझ्यावर. मागच्यापेक्षा मोठा. अगदी येत होता. आणि मला घाई सुटली! या वयात! दोरा असा वाजला, टण्ण! चूक माझी. शंभर टक्के माझी. हातांचा काही संबंध नाही, हात बरे होते. अक्कल कमी पडली."

कप्तान वरून ऐकत होता. म्हणाला, "काका, सगळ्यांचं होतं." तर बाबा त्याच्यावर घसरले, "सगळ्यांचं होत असेल, माझं नाही व्हायला पाहिजे!" ताई, ते चिडले होते. गिऱ्हाईक घड्याळ पाण्यात पाडून आणायचं आणि वर म्हणायचं की आपोआप बंद पडलं, तेव्हा दुकानात चिडायचे ना, तसे. कानाच्या पाळ्या लाल. किती वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. बर्फवाल्याला सांगितलं. मासे तोलायला बसतो त्याला सांगितलं. तिकीट तपासणाऱ्याला सांगितलं, त्याला काही कळलं नाही, तो म्हणाला, खिडकीची सीट आहे. जेवायला बसले तर दोन ताटं जेवले, थोडं सांडलं, पुसायला कुणी पुढे झालं नाही, मधे मधे चमचा उगारून पुन्हा तेच: मी आवळला.

लंबूने मला बाजूला घेऊन सांगितलं की शेवटी त्यांचे हात फार हलत होते, आणि तो खांबाला धरून उभा राहिला होता, म्हणजे मोह व्हायला नको. दोरा हातामुळे गेला का ब्रेकमुळे, त्याला सांगता येत नाही. मी म्हटलं, ब्रेकमुळे. तो म्हणाला, बरं.

बस सुटायला वीस मिनिटं होती. बाबांनी मला खिडकीखाली उभं केलं आणि ब्रेक कसा धरायचा ते शिकवायला लागले. मी, जो डेकवर रोज सहा जणांना शिकवायचो. लहानपणी चिमटा कसा धरायचा ते सांगायचे तेव्हा पाच मिनिटांत मी दाराबाहेर असायचो. आज ऐकत उभा होतो. ड्रायव्हर आला, इंजिन सुरू झालं, तरी त्यांचं चालूच. मोठा मासा असेल तर पहिली दहा मिनिटं सैल ठेवायचा, मग एवढा, मग एवढा. बस हलली तसा त्यांनी हात बाहेर काढला आणि अंगठा आणि बोट यांच्यात अंतर धरून मला दाखवलं, "इतकाच! ध्यानात ठेव, इतकाच आवळायचा!"

हात थरथरत होता, त्यामुळे नेमका किती ते मला काही कळलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "कळलं बाबा!" आणि बस वळेपर्यंत मान हलवत राहिलो.

भिंगरी